वाचकांचे प्रश्न : ब्राहे घराणे कोणते?

प्रश्न : खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे डेन्मार्कचा होता, असे वाचले आहे. मग स्वीडनच्या इतिहासात भेटणारे ब्राहे नावाचे काउंट कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले?

उत्तर : टायको (१५४६–१६०१) हा डेन्मार्कमधील ब्राहे घराण्यातला. त्याचे जन्मगाव असलेला स्कोने प्रांत १६५८ च्या तहाने स्वीडनकडे गेला, म्हणून हा घोटाळा वारंवार होतो. आपण विचारता ते काउंट मात्र स्वीडिश ब्राहे घराण्याचे.

या घराण्याचा उत्कर्ष एका सोयरिकीतून झाला. योआकिम ब्राहे याची पत्नी मार्गारेटा ही पुढे स्वीडनचा राजा झालेल्या गुस्ताव वासाची बहीण. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या राजाने स्टॉकहोममध्ये जी सामूहिक कत्तल करवली, तीत योआकिमचाही शिरच्छेद झाला. पण त्याच वर्षी जन्मलेला त्याचा मुलगा पेर हा गुस्ताव राजाचा भाचा म्हणून वाढला. गुस्तावचा मुलगा एरिक चौदावा याने १५६१ मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या वेळी स्वीडनमधले पहिले काउंट नेमले, त्यांत हा आतेभाऊ होता. स्वीडनच्या सरदार सभेच्या नोंदीत काउंट घराण्यांमध्ये पहिला क्रमांक ब्राहे घराण्याचाच आहे.

या पेरचा नातू, धाकटा पेर ब्राहे, मला या घराण्यातला सर्वांत मोठा माणूस वाटतो. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होते आणि पेर तेथे दोन वेळा गव्हर्नर-जनरल होता. तुर्कूचे विद्यापीठ १६४० मध्ये सुरू होण्यामागे त्याचाच पुढाकार होता आणि राहे या गावाला आजही त्याचे नाव आहे. योग्य वेळी घडलेल्या गोष्टीला फिनिश लोक 'काउंटच्या काळात' असे म्हणतात. परकीय सत्ताधीशाची अशी आठवण रयतेच्या बोलीत टिकावी, याचे मोल फार आहे.

१६८० नंतर राजाने सरदारांच्या जहागिरी परत घेतल्या, त्यात ब्राहेंची व्हिसिंग्सबोर्गची जहागीरही गेली. मात्र धाकट्या पेरच्या पुतण्याला सासऱ्याकडून, म्हणजे सेनापती व्रांगेलकडून, स्कोक्लोस्टरचा किल्लेवजा वाडा मिळाला होता आणि तो या घराण्याने जपला. व्रांगेल १६७६ मध्ये वारला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनाचे काम चालू होते. कारागीर निघून गेले आणि ते काम पुन्हा कधी हाती घेतले गेले नाही. काउंट ब्राहेंचा वंश १९३० मध्ये खुंटला आणि १९६७ मध्ये वाडा सरकारने विकत घेतला, पण त्या दालनाच्या विटांच्या भिंती आजही गिलाव्याविना उभ्या आहेत आणि कारागिरांची हत्यारेही वाड्यातच आहेत.