'अविश्वसनीय': एक काना आणि दोन अर्थ

मेहकर तालुक्यात शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: "पोरं निबंधात 'अविश्वासनीय' लिहितात. शब्द 'विश्वास'वरून आला, मग मधला काना कुठे गेला? आणि तो स्तुतीसाठी वापरायचा की नावं ठेवायला?"

ताई, काना कुठे गेला नाही, तो तिथे नव्हताच. 'विश्वास' आणि 'विश्वसनीय' ही भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. दोघांचा धातू एकच, श्वस्. 'अनीय' हा प्रत्यय नामाला न लागता धातूला लागतो. पोरांना मात्र हे सांगत बसू नका, विज्ञानाचं पुस्तक उघडा. 'श्वास' आहे, तरी 'श्वसनसंस्था'च आहे. 'श्वासनसंस्था' कोणी म्हणत नाही. तसंच 'पाठ', पण 'पठनीय'.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा. 'अनीय' म्हणजे 'तसं करण्याजोगं'. तेव्हा अविश्वसनीय म्हणजे विश्वास ठेवण्याजोगं नसलेलं, मुळात दोषच. आता तो 'थक्क करणारं' या अर्थानेही रुळलाय. सरपंचावर अविश्वास ठराव आला म्हणून त्याला 'अविश्वसनीय सरपंच' म्हणाल, तर कार्यकर्ते त्याचाच फ्लेक्स लावतील!

जून २०२० मध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. ती बातमी 'अविश्वसनीय' म्हटली तर वाचणाऱ्याने काय समजायचं, अफवा की नवल? बातमी खरी होती. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं. म्हणून मी माणसाला 'बेभरवशाचा' म्हणतो, बातमीला 'विश्वासार्ह नाही' म्हणतो आणि नवल वाटलं तर 'विश्वास बसू नये असं' लिहितो. लांब पडतं खरं, पण घोटाळा होत नाही.

आपल्या वऱ्हाडीत तर हा घोटाळा होतच नाही. समोरचा थापा मारत असला की "काही बी नको सांगू बावा". गोष्ट खरी आहे, डोळ्यांनी पाहिली, तरी मन मानत नसलं की "मले तं खरंच नाही वाटून राह्यलं". या 'राह्यलं'वर माझा फार जीव आहे. अडचण ऐकणाऱ्याच्या मनात, तीही आत्तापुरती. सांगणाऱ्यावर ठपका नाही. पोरीने बारावीत नंबर काढला की बाप अंगणात बसून हेच म्हणतो, आणि लगेच पेढे आणायला निघतो.