बेटावरचा पक्षी ‘नवा’ कसा ठरतो?

प्रश्न : आजच्या काळातही पक्ष्यांच्या नव्या प्रजाती सापडतात का, आणि त्यांना नावे कोण देते?

उत्तर : होय, सापडतात. इंडोनेशियातील सुलावेसीजवळच्या तालियाबू आणि पेलेंग या बेटांवरील पाच नव्या प्रजातींचे वर्णन 2020 मध्ये एकाच शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. संशोधकांनी ही बेटे विचारपूर्वक निवडली होती : हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे 120 मीटरने खाली गेली, तेव्हा उथळ समुद्रातील बेटे एकमेकांना जोडली गेली, परंतु भोवतीचा समुद्र खोल असल्याने ही बेटे तेव्हाही विलगच राहिली आणि तेथील पक्षी स्वतंत्रपणे उत्क्रांत होत गेले. दिसायला अगदी सारखे असलेले पक्षी वेगळे आहेत हे अनेकदा प्रथम त्यांच्या आवाजावरून लक्षात येते, आणि मग शरीराची मोजमापे व डीएनए यांच्या आधारे ते तपासले जाते.

नाव देण्याचा मान वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांचा असतो. मात्र त्यांना आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता पाळावी लागते. या पाचांपैकी पेलेंगवरील वटवट्या या छोट्या पक्ष्याचे ‘सुआरामेर्दू’ हे नाव मला विशेष भावते, कारण इंडोनेशियन भाषेत ‘सुआरा मेर्दू’ म्हणजे मधुर आवाज.