आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. माझ्या दरवर्षीच्या तपासणीला किती खर्च येईल?

मी पुण्यात तीन वर्षं हे केलंय त्यामुळे बिलांसकट सांगते. तुम्ही लिहिलंय वय 34, आई आणि मावशी दोघींना झालेला, डॉक्टर दरवर्षी एमआरआय करा म्हणतायत आणि इन्शुरन्सवाले हात वर करतायत. आमच्याकडे जवळजवळ हेच, आई 43 ची होती आणि मावशीला ओव्हरीचा.

मॅमोग्राफीला घाबरू नका, मला ती 2,200 ला पडली, सोनोग्राफी धरून चार हजारांच्या आत. खड्डा पडतो तो एमआरआयचा. फोनवर 9,500 सांगितले म्हणून मी तेवढेच घेऊन गेले तर कॉन्ट्रास्टच्या (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात त्या) इंजेक्शनचे 2,500 वेगळे, आणि आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून आणा. शिवाय एमआरआय पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात करायचा असतो, त्यामुळे तारीख आपल्या सोयीची मिळत नाहीच, ऑफिसात कारण काय सांगायचं ते वेगळंच. पालथं झोपवतात, टेबलाला दोन खळगे असतात, अर्धा तास हलायचं नाही आणि कानात बोळे घालूनही ती ठकठक ऐकू येतेच.

पहिल्याच वर्षी रिपोर्टात बाय-रॅड्स 3 (स्तनाच्या स्कॅनला देतात ती श्रेणी) आलं. म्हणजे बहुतेक काही नाही, पण सहा महिन्यांनी परत बघू. आता परत बघू म्हणजे परत बारा हजार! हे आधी कोणी सांगत नाही. एमआरआय बारीकसारीक पकडतो म्हणूनच तो जास्त रिस्कवाल्यांना देतात, पण त्यात निरुपद्रवी ठिपके पण सापडतात.

आता मुख्य गोष्ट. एमआरआय सुरू करायच्या आधी ब्राका जीनची (ह्यात दोष असला तर ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरची रिस्क वाढते) टेस्ट करा आणि ती आधी आईची करा, तुमची नाही. मी उलटं केलं. 18,000 भरून स्वतःची केली, लॅबने मेलवर पीडीएफ पाठवली, निगेटिव्ह, आम्ही पेढे आणले. नंतर जेनेटिक काउन्सेलर म्हणाल्या की आईच्यात नेमका कुठला दोष आहे हेच माहीत नाही, तर तुमच्या निगेटिव्हला अर्थ नाही, कदाचित तो ह्या टेस्टमध्ये दिसतच नसेल. म्हणून एमआरआय चालूच. आई काही ऐकेना, "माझं झालं ना सगळं, आता कशाला पैसे घालवता." तिसऱ्या वर्षी एकदाची तयार झाली, ब्राका 1 मध्ये दोष निघाला, आणि माझ्यात तोच नाही म्हटल्यावर माझी रिस्क चारचौघींसारखी. एमआरआय बंद. आई हयात नसेल तर मावशीची करा.

एकदा घरातला दोष कळला की बाकीच्यांना पूर्ण पॅनल, म्हणजे सगळी मोठी टेस्ट, लागत नाही, तेवढीच जागा तपासतात. धाकट्या बहिणीचं 5,000 मध्ये झालं.

इन्शुरन्सचं म्हणाल तर हात वर करणारच ते, नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट होणं पॉलिसीत स्पष्ट वगळलेलं असतं, एक्सक्लुजन 04 वाचा. ॲडमिट व्हा मग क्लेम करू असं कोणी सुचवलं तर नादी लागू नका. फुले योजना पण उपचाराला आहे, ह्या दरवर्षीच्या स्कॅनला नाही. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर 80डी खाली प्रिव्हेंटिव्ह चेकअपसाठी 5,000 पर्यंतची वजावट मिळते, तीही आईवडील धरून सगळ्या घराची मिळून. पॉलिसी नसेल तर मात्र जीन टेस्टच्या आधी घ्या, अमेरिकेत 2008 च्या कायद्याने हेल्थ इन्शुरन्सवाल्यांना जीन रिपोर्ट वापरायला बंदी आहे, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही.

आणि ऑक्टोबरात ती गुलाबी रिबीनवाली पॅकेजं येतात त्यात सीए 15-3 नावाची रक्ततपासणी असते, ती स्क्रीनिंगला उपयोगाची नाही. थर्मल कॅमेरावाली पण मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही. तेवढे पैसे काउन्सेलरच्या फीला ठेवा.

बहीण तीन वर्षं म्हणत होती, ताईचं निगेटिव्ह आहे म्हणजे माझंही असणार. तिचं पॉझिटिव्ह आलं. आईची टेस्ट आधी झाली असती तर माझे स्कॅन वाचले असते आणि तिचा एक तरी झाला असता. मागच्या महिन्यात झाला तिचा पहिला, क्लीन आहे, तेरा हजार सातशे.