शून्याच्या खाली, शंभराच्या वर

"मॅडम, एवढा हुशार आहे हो. मग ऑटिझम कसा असेल?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, आवाज खाली आणून विचारलेला : "आणि असलाच, तर साध्या शाळेत निभेल का?" अशा वेळी मी ओंकारची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. सोलापूर मात्र खरं आहे, कारण दुसऱ्या गावात ही गोष्ट घडलीच नसती.

तिसरीतला मुलगा. आत आला, माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत म्हणाला, "11 हजार 574 क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतं." धरणाच्या पाण्याची मापं ही : क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. आईनं कपाळाला हात लावला. "बघा. पाहुणे आले तरी हेच."

घरात आजोबा रोज पेपरातला धरणसाठा मोठ्यानं वाचायचे. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, तेही उजनी धरणाचं. त्यामुळे त्या रकान्याला राशिभविष्यापेक्षा जास्त मान. ओंकार त्या रकान्यावर बोट फिरवतच वाचायला शिकला, बालवाडीच्याही आधी.

शाळेच्या तक्रारी दोन : वह्या अपूर्ण आणि वागणं उद्धट. उद्धटपणा म्हणजे काय ते खोदून विचारलं. बाई वर्गात म्हणाल्या होत्या, "शंभर टक्के मन लावा, शंभराच्या वर काही नसतं." हा उठून म्हणाला, "उजनी 111 टक्के भरते." वर्ग हसला. बाईंनी बस म्हटलं. हा बसेना. "आधी बरोबर म्हणा." मधली सुट्टी झाली तरी उभाच. मग पालकांना बोलावणं.

त्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत. उजनीची क्षमता 117 टीएमसी धरतात, पण त्यातला साधारण 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या जिवंत साठ्याची. म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की उजनी 'मायनस'मध्ये जाते, आणि चांगल्या पावसात धरलेल्या क्षमतेच्याही वर पाणी साठवलं की 111 टक्क्यांपर्यंत चढते. सोलापूरच्या रिक्षावाल्यालाही हे माहीत असतं. फक्त तिसरीच्या वर्गात ते चालत नाही.

गणिताची वही उघडली तर 43 वजा 28 चं उत्तर 15, आणि त्यावर लाल फुली. बाजूला पेन्सिलीनं, कागद फाटेल इतक्या जोरात दाबून लिहिलेलं : 3 - 8 = मायनस 5. 40 - 20 = 20. 20 मधून 5 गेले. हातचा घेतलाच नव्हता. तीनातून आठ जात नाहीत, हे त्याला मान्यच नव्हतं. जातात की, मायनसमध्ये जातात. दर मे महिन्यात तो बघत होता.

चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घेतल्या. शब्दसंग्रह आणि अंकगणित वयाच्या कितीतरी पुढे. वेळ लावून चिन्हं लिहायची चाचणी वयाच्या बरीच मागे. अशा मुलाची सरासरी काढली की तो चारचौघांसारखा दिसतो आणि सगळे म्हणतात, आळशी आहे. हुशारी अडचण झाकते, अडचण हुशारी झाकते. भारतात ऑटिझमसाठी जी 'इसा' ही 40 मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, तिच्यावर 70 ते 106 म्हणजे सौम्य. ओंकार तिथे बसला.

वडिलांनी नेटवर शोधून ठेवलं होतं. "मग अ‍ॅस्पर्जर म्हणा ना, ऑटिझम नको." बोलण्यात, बुद्धीत मागे नसलेल्या अशा मुलांसाठी पूर्वी ते नाव वापरायचे. मला त्यांचं समजत होतं. पण अमेरिकन निदान-पुस्तिकेनं 2013 मध्ये ते वेगळं नाव काढून एकाच स्पेक्ट्रममध्ये घेतलं. शब्द सौम्य केल्यानं घंटा सौम्य वाजत नाही. ओंकारचं बाक दाराशेजारी होतं, लोखंडी घंटा दाराबाहेर. प्रत्येक तासाला तो कान दाबून बाकाखाली. त्यानंतरची दहा मिनिटं त्याच्या वहीत काही उतरत नसे. अपूर्ण वह्यांचं अर्धं कारण तिथं टांगलेलं होतं.

आता माझी चूक. पहिल्या महिन्यात मी आईला सांगितलं, "ताई, लेखन पूर्ण केलं तरच धरणसाठ्याचा पेपर वाचायला द्यायचा." पुस्तकी सल्ला, कित्येक मुलांना लागू पडतो. आठवड्यात ओंकारनं जेवण टाकलं, रात्री उठून रद्दी उपसायला लागला. धरणसाठा म्हणजे त्याचं बक्षीस नव्हतं. दिवसभर न कळणाऱ्या माणसांत वावरल्यावर पाय टेकायची ती जागा होती, आणि मी तीच काढून घेतली. आईला फोन करून सांगितलं, माझं चुकलं, पेपर द्या. अजूनही कुणी 'गणितात कमी पडला म्हणून चित्रकला बंद केली' असं सांगितलं की मला ती रद्दी आठवते.

शाळेत गेले तेव्हा बाईंना कायदा ऐकवायचा नाही, असं ठरवूनच गेले. कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरज पडली तर लेखनिक मिळतो. वडील 'शिक्का बसेल' म्हणून वर्षभर अडून होते. मी म्हटलं, उद्धटपणाचा शिक्का बसलाच आहे, तो तरी चुकीचा आहे. प्रमाणपत्र काढलं. पण साठ पोरांच्या वर्गात बाईंचंही काही चुकत होतं असं मला वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाक खिडकीकडे गेलं. घंटेआधी शेजारचा मुलगा त्याच्या बाकावर टिचकी मारायचा. दहा गणितांऐवजी चार, बाकीची तोंडी. आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी उजनीचा आकडा लिहायचं काम ओंकारचं. पावसाळा होता. दोन आठवड्यांत पोरं उद्याच्या आकड्यावर पैजा लावायला लागली, आणि ओंकारला पहिल्यांदा कुणीतरी काही विचारायला आलं.

हातच्याचं मीच समजावलं. म्हटलं, दशकाचं धरण वर, एककाचं खाली. वरून दहाचा विसर्ग सोडला, खाली तीनचे तेरा झाले. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "दौंडवरून उजनीत येतं तसं." झालं.

सगळं सुरळीत झालं नाही. स्नेहसंमेलनाला तो अजून जात नाही. चौथीत बाई बदलल्या आणि पुन्हा फुल्या सुरू झाल्या, पुन्हा शाळेची पायरी चढावी लागली. परवा आईनं सहामाहीच्या पेपराचा फोटो पाठवला. वजाबाकीच्या प्रश्नाखाली मधोमध रेघ मारलेली. एका बाजूला 'बाईंची पद्धत', दुसऱ्या बाजूला 'माझी पद्धत'. दोन्हीकडे उत्तर तेच. नव्या बाईंनी बरोबरची खूण एकाच बाजूला केली होती, पण गुण पूर्ण दिले होते.