शून्य टक्के हप्त्याने लॅपटॉप घ्यावा की पतसंस्थेचं 12 टक्क्यांचं कर्ज काढावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉप 48 हजारांचा, दुकानदार 'शून्य टक्के, सहा हप्ते' म्हणतो आणि गावची पतसंस्था 12 टक्के सांगते. वरवर पाहता शून्यच बरं. पण मी जळगावात संगणकाच्या दुकानाचा हिशेब लिहितो, म्हणून आतली बाजू सांगतो.

दुकानात शिरल्यावर हप्त्याचा विषयच काढू नका. 'रोख दिले तर शेवटचा भाव काय?' एवढंच विचारा. गोलाणी मार्केटमध्ये दोन-चार दुकानं फिरलात तर 48 चा आकडा बहुतेक खाली येईल. समजा 45 हजारांवर आला. मग विचारा, 'आता हप्त्याने किती?' उत्तर 48 आलं, तर मधले तीन हजार हेच व्याज. 'भाऊ, व्याज काहीज नही' असं विक्रेता म्हणतो, तेव्हा तो अगदी खोटं बोलत नसतो. हप्त्याचं कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीला तिचं व्याज दुकानदार किंवा लॅपटॉपची कंपनी आधीच देते आणि ते भावात बसवलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते.

त्यावर प्रोसेसिंग फी येते. ती 999 धरली तर 18 टक्के जीएसटीसह 1,179. म्हणजे रोखीच्या वस्तूवर तुम्ही सहा महिन्यांत 4,179 रुपये जास्त मोजले. वार्षिक दराने मांडलं तर हे 32 टक्क्यांच्या आसपास जातं.

आता पतसंस्थेचे 12 टक्के. इथे एकच प्रश्न: व्याज 'फ्लॅट' की घटत्या शिलकीवर? 45 हजारांवर सहा महिने फ्लॅट लावलं तर 2,700 रुपये. घटत्या शिलकीवर साधारण 1,588. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या पैशांवरही शेवटपर्यंत व्याज भरता, त्यामुळे ते 12 खरं तर 20 च्या वर पडतात. सभासद शेअर, स्टॅम्प, फॉर्म यांचा खर्चही विचारून घ्या, आणि हप्त्यांचा तक्ता लेखी मागा. बँका आणि फायनान्स कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावंच लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. पतसंस्था मात्र सहकार खात्याखाली येते, तिथे ते पत्रक आपोआप हातात पडेल असं समजू नका.

तरीही दोन्हींत पतसंस्थाच स्वस्त, अगदी फ्लॅट असली तरी. उलट रोख आणि हप्ता दोन्हींचा भाव खरोखर एकच निघाला आणि फी नाममात्र असेल, तर दुकानाचे हप्ते बेलाशक घ्या. सणासुदीला असं कधीकधी होतंही.

तुमचं उत्पन्न कापसावर आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. खात्यात शिल्लक नसली की बँकही दंड लावते आणि फायनान्सवालाही. अशा घराला महिन्याच्या हप्त्यापेक्षा सोनेतारण सोयीचं पडतं, कारण पुष्कळ ठिकाणी मुदतीअखेर एकरकमी फेडता येतं. फक्त मुदत कापूस विकण्याच्या पुढे जाईल एवढी घ्या.

आणि मुलीचं शैक्षणिक कर्ज आधीच चालू असेल किंवा काढायचं असेल, तर आधी त्या बँकेत जा. अभ्यासक्रमाला संगणक लागत असेल तर त्याची किंमत शैक्षणिक कर्जात धरता येते, आणि परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होते. कॉलेजचं पत्र आणि दुकानाचं कोटेशन सोबत न्या. आधी लॅपटॉप घेऊन मग बिल दाखवलं, तर बँक कुरकुर करते.

दुकानात विमा किंवा वाढीव वॉरंटी हप्त्यात गुपचूप घातली जाते, तेवढं सही करण्याआधी पाहा. शेवटचा हप्ता गेला की ना हरकत दाखला मागून घ्या. कर्ज सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, उघडं राहिलं तर पुढच्या कर्जाला तेच आडवं येतं.