साबणाच्या वडीतली भातुकली

प्रश्न : दिवाळीत नातवंडांना घरचा साबण द्यावा आणि वडी झिजेल तसे आतले खेळणे त्यांच्या हाती लागावे, अशी माझी इच्छा होती. म्हणून खोबरेल तेल, ऑलिव्ह तेल आणि कॉस्टिक सोडा घेऊन थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, साबण केला आणि तुळशीबागेतून आणलेली ॲल्युमिनियमची भातुकली त्या ओल्या मिश्रणात बसवली. थोड्याच वेळात भांड्यांभोवती बुडबुडे आले, साबण जाळीदार झाला व भांडी काळवंडली. माझे काय चुकले?
– एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : आजी, चूक धातूच्या निवडीत झाली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळू लागते व त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. आपल्याला दिसलेले बुडबुडे त्याचेच होत. हा वायू पेट घेणारा असल्यामुळे तो साबण बंद डब्यात किंवा शेगडीजवळ मुळीच ठेवू नये. सोड्यापैकी किती भाग धातूने खाल्ला आणि किती तेलाच्या वाट्याला आला, याचा हिशेब आता लागणार नाही; म्हणून हळहळ वाटली तरी तो साबण मुलांच्या अंगाला लावू नये. पितळी भातुकलीनेही काम साधले नसते, कारण पितळेतल्या जस्तावर सोड्याचा परिणाम होतो आणि तांब्यामुळे साबणातले तेल लवकर खवट होते.

पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लॅस्टिक सोड्यात टिकते. मात्र साबण होत असताना मिश्रण स्वतःच तापते, मोठ्या साच्याच्या मध्यभागी ते ७० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते, आणि तेवढ्या उष्णतेत व क्षारात खेळण्यावरचा रंग सुटण्याची भीती असते. शिवाय हा साबण अपारदर्शक असल्याने आतले खेळणे दिसतच नाही, आणि वाळताना वडी आकसते तेव्हा कठीण वस्तूभोवती तिला तडे जाऊ शकतात.

माझ्या मते खेळणे ओल्या साबणात घालूच नये. त्यासाठी बाजारात मिळणारा पारदर्शक ग्लिसरीन साबणाचा तयार ठोकळा आणावा. त्यातला सोडा आधीच तेलाशी एकरूप झालेला असतो. तो वितळवून जरा निवू द्यावा, अर्धा साचा भरावा, वर साय धरली की खेळणे ठेवावे आणि उरलेला साबण ओतावा. खेळणे भरीव घ्यावे; पोकळ खेळणे वर तरंगते, आणि त्याला भोक असेल तर आत पाणी साचून बुरशी धरते. दमट हवेत ग्लिसरीनच्या वडीला घाम फुटतो, म्हणून ती लगेच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळावी.

नातवंडांपैकी कोणी तीन वर्षांहून लहान असेल, तर त्याच्या वडीत खेळणे नकोच. साबण झिजून सुटलेली ओली, निसरडी, लहानशी वस्तू तोंडात जायला क्षणही लागत नाही, आणि ती घशात अडकली तर जीव धोक्यात येतो. थोरल्यांसाठीही आयएसआय चिन्ह असलेलेच खेळणे घ्यावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

आपल्या हातचा थंड पद्धतीचा साबणही अवश्य द्यावा, पण खेळण्याशिवाय. तो मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून घरी आलात की साचा भरावा, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटेपर्यंत त्याला जवळजवळ दीड महिना मिळेल.