वेबवरून आणलेल्या एक्सएमएलमध्ये मराठी नावांची वाट का लागते?

तुमचा प्रश्न असा: पायथनच्या रिक्वेस्ट्स या वेबवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीने पुण्यातल्या बसथांब्यांचा एक्सएमएल आणला, रिस्पॉन्स डॉट टेक्स्ट घेऊन एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचणाऱ्या पार्सरच्या फ्रॉमस्ट्रिंगला दिला, इंग्रजी नावं नीट आली, पण ‘कात्रज’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए आणि भलतीच चिन्हं दिसतायत. आणि अधूनमधून ‘मिसमॅच्ड टॅग’ची एरर.

पार्सरवर राग काढू नका, घोळ त्याच्याकडे जायच्या आधीच झालाय. सर्व्हर कंटेंट-टाइपमध्ये नुसतं ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ पाठवत असणार, कॅरसेट, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने (एन्कोडिंगने) बाइटमध्ये मांडलीत ते, लिहीत नसणार. अशा वेळी डॉट टेक्स्ट सरळ आयएसओ-८८५९-१ धरून चालतं. ‘पुणे’ घ्या: प, उकार, ण, मात्रा, अशी ४ चिन्हं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट, म्हणजे १२. आयएसओ-८८५९-१ला एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे १२ अक्षरांचा कचरा, त्यातली काही तर दिसतही नाहीत. दर चिन्हाचा पहिला बाइट ई० असतो, तोच तुमचा रेघवाला ए. रोमन अक्षरं दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती वाचली.

उपाय एका शब्दाचा: डॉट टेक्स्टऐवजी डॉट कंटेंट, म्हणजे अक्षरांत न उलगडलेले कच्चे बाइट. पाकीट न फोडता पार्सरच्या हातात द्या. आत पहिल्याच ओळीत एन्कोडिंग लिहिलेलं असतं, ते तो वाचतो. लिहिलेलं नसेल तर यूटीएफ-८ धरतो, जे बहुतेकदा बरोबरच निघतं. रिस्पॉन्स डॉट एन्कोडिंग हाताने यूटीएफ-८ करूनही काम भागतं, पण उद्या सर्व्हरने एन्कोडिंग बदललं की परत बोंब. पुढेमागे एलएक्सएमएल या दुसऱ्या पार्सरकडे वळलात, तर एन्कोडिंगची ओळ असलेली स्ट्रिंग तो घेतच नाही, थेट व्हॅल्यूएरर देतो. मला हा खाष्टपणा आवडतो.

डेटाबेसमध्ये आधीच कचरा साठला असेल तर फेकू नका. ती स्ट्रिंग लॅटिन-१ने (आयएसओ-८८५९-१चंच दुसरं नाव) एन्कोड करून यूटीएफ-८ने डीकोड करा, मूळ नाव परत येतं. मात्र मध्ये कोणी ‘विचित्र’ अक्षरं साफ केली असतील तर गेलं ते गेलं.

‘मिसमॅच्ड टॅग’चं बहुधा वेगळंच आहे: सर्व्हर आजारी असताना एक्सएमएलऐवजी एचटीएमएलचं एरर पान येतं आणि त्यातल्या न मिटलेल्या बीआर टॅगवर पार्सर अडकतो. पार्स करण्याआधी रेज-फॉर-स्टेटस बोलवा, सर्व्हरने एरर कळवली असेल तर ते तिथेच थांबवतं. तरीही एरर आलीच, तर कंटेंटचे पहिले २०० बाइट लॉगमध्ये छापून बघा. आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा, द्याच. रिक्वेस्ट्स स्वतःहून तो लावत नाही.